बाबा, तो फ्लेक्स उतरवा

ऑस्ट्रेलियात, डार्विनमध्ये, संरक्षण खात्याला यंत्रणा पुरवणाऱ्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली, पण आधी सिक्युरिटी क्लिअरन्स मिळायला हवा, ही अट घालून. म्हणजे मी भरवशाचा माणूस आहे की नाही, हे सरकारने तपासून सांगायचं. मला त्यात अवघड काही वाटलं नाही. भारतीय पासपोर्ट परत करून मी इथला नागरिक झालो होतो, साधा सिग्नलही कधी तोडला नव्हता. तेव्हा मी हॉस्पिटलमध्ये कंत्राटी नोकरी करत होतो, ते कंत्राट संपत आलं होतं. बायकोची नोकरी डार्विनमध्ये, मुलीची शाळाही इथेच. हे काम हुकलं तर पुन्हा सिडनीला बिऱ्हाड हलवावं लागणार होतं.

तळेगावला बाबांना मी फोनवर हे सांगितलं. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. आठवड्याभरात त्यांच्या चौकात फ्लेक्स लागला. आमच्याकडे दहावीला बरे मार्क पडले तरी फ्लेक्स लागतो, मग हे तर काय! ‘ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण खात्यात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ माझा लग्नातला फोटो आणि शेजारी त्याच्या दुप्पट आकाराचे, हात जोडलेले नगरसेवक. चुलतभावाने ते सगळं सोशल मीडियावर टाकून मला टॅगही केलं. कुठे वाच्यता करू नका, असं कंपनीने बजावलेलं असताना. मी कपाळाला हात लावला.

“बाबा, तो फ्लेक्स उतरवा.”

“अरे, का? लोक थांबून वाचतायत. मला रस्त्यात अडवून अभिनंदन करतायत.”

“प्लीज बाबा, आजच्या आज.”

संध्याकाळी फ्लेक्स उतरला. मला वाईट वाटलं, पण रागही तेवढाच आला होता.

लपवणं जास्त महागात पडेल म्हणून क्लिअरन्सच्या मुलाखतीत मी स्वतःच फ्लेक्सचं सांगितलं. चौकशी करणारी बाई सभ्य होती. फोटो बघून तिने विचारलं, हे राजकारणी कोण, तुमचे त्यांचे संबंध काय? म्हटलं, मी त्यांना आयुष्यात भेटलेलो नाही. मग तुमच्या शेजारी त्यांचा फोटो कसा? हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही आणि इतर कोणाला समजावता येत नाही. तिने लिहून घेतलं.

मग गाडी बाबांवर आली. किती वेळा बोलता? रोज. काय बोलता? गोळी घेतली का, भाजी कसली केली, नळाला पाणी आलं का. भारतात व्हिसाशिवाय जाता यावं म्हणून घेतलेलं कार्ड सोडाल का, असंही तिने विचारलं. तसं ते नागरिकत्व नाही, पण बाबांना काही झालं तर व्हिसाची वाट बघत बसायचं का? मी उत्तर द्यायला जरा थांबलो आणि ते थांबणं तिने पाहिलं.

“तुमच्या वडिलांवर कोणी दबाव आणला तर काय कराल?”

“रिपोर्ट करीन,” मी म्हणालो. उत्तर बरोबर होतं. पण बाबा घरात एकटे आणि दारात कोणीतरी अनोळखी उभं, असं डोळ्यांपुढे आलं आणि माझा आवाज मलाच खोटा वाटला.

महिने गेले. होकार नाही, नकारही नाही. फोन केला की ‘नो वरीज मेट, प्रोसेसमध्ये आहे.’ शेवटी कंपनीने कळवलं, आता आम्हाला थांबता येणार नाही. कारण कोणीच दिलं नाही. भांडायचं तरी कोणाशी?

“त्या फ्लेक्समुळे का रे?” बाबांनी विचारलं.

“नाही बाबा.”

“मग कशामुळे?”

काय सांगणार? बहुतेक तुमच्यामुळेच, तुम्ही तिथे राहता आणि मी तुमचा मुलगा आहे म्हणून. मी म्हटलं, इथली पद्धतच तशी आहे. पण बाबा काही दूधखुळे नाहीत.

आता आम्ही सिडनीत, वेंटवर्थव्हिलला राहतो. माझ्या इथल्या नोकरीत मी कोणाशी बोलतो, हे कोणी विचारत नाही. बाबा मात्र आपणहून फोन करत नाहीत, रोज मीच करतो. ते उचलतात आणि इतर काही बोलायच्या आधी आवाज खाली करून विचारतात, “मी बोललेलं चालेल ना रे तुला?”