प्रसाद हातात आल्याशिवाय

मी स्वभावानं उतावळी, आणि वडील माझ्या अगदी उलटे. तुळजापुरात आमचं घर पुजाऱ्यांचं. लांबगावचे यजमान फोनवरून अभिषेक सांगतात, वडील ते वहीत लिहून घेतात आणि घरातल्या कुणाला तरी देवळात पिटाळतात. गेलेलं माणूस परत येऊन "झालं" म्हणालं की वहीत खूण करतील तर ते वडील कसले! "प्रसाद कुठाय?" हा पहिला प्रश्न. प्रसाद हातात पडला की मगच पेन्सिलीची बारीक खूण. लहानपणी या प्रश्नानं माझं डोकं उठायचं. घरच्या माणसाच्या शब्दावर विश्वास म्हणून काही असतो की नाही?

यजमानांची एक जुनी वहीही होती. कुठल्या गावचं कोणतं घर कधी आलं, बरोबर कोण होतं, हे सगळं माझ्या पणजोबांच्या हातचं. वाटणीत ती जळकोटच्या काकांकडे, म्हणजे वडिलांच्या धाकट्या चुलतभावाकडे गेली आणि त्याच वाटणीत दोघांचं बोलणंही तुटलं. वडिलांची नजर अधू व्हायला लागली तेव्हा त्यांनी मान खाली घालून ती वही मागितली. आठ दिवसांत परत देतो, पानापानाचे फोटो काढतो आणि साफ केलेली एक प्रत तुलाही देतो, असा शब्द दिला. काकांनी वही दिली, पण उंबऱ्यातूनच.

वडील पानं उलटायचे आणि मी त्यांच्या फोनवर फोटो काढायची. फोन भरला म्हणून फोटो घरच्या कॉम्प्युटरवर घेतले आणि फोन मीच रिकामा केला. वडिलांना फोन उचलणं आणि ठेवणं, एवढंच येतं. वही ठरल्या दिवशी तिच्या लाल फडक्यात बांधून परत गेली.

मग माझी घाई सुरू झाली. पिवळट पानं उजळून वाकडे फोटो सरळ करणारी एक कमांड माझ्या लॅपटॉपवर होती. मी छोटा प्रोग्राम लिहिला. त्यानं एकेक फोटो त्या कमांडकडे सोपवायचा, सुधारलेला नव्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि जागा कमी म्हणून मूळ फोटो पुसून टाकायचा. माझा लॅपटॉप लिनक्सचा. तिथं दुसऱ्याच दहा फोटोंवर चालवून पाहिलं, झकास चाललं. कमांडची बडबड पडद्यावर नको म्हणून मी तिचं तोंडही बंद करून ठेवलं. तोच प्रोग्राम घरच्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर चालवला आणि मिनिटभरात अक्षरं उमटली: सर्व पानं तयार. मी वडिलांना हाक मारली.

नवं फोल्डर उघडलं तर रिकामं.

घरच्या कॉम्प्युटरवर ती कमांड नव्हतीच. प्रोग्राम हाक मारत राहिला, समोरून प्रत्येक वेळी नकार येत राहिला, आणि तो नकार ऐकायची ओळच मी लिहिली नव्हती. फोटो सुधारायचं काम परक्यावर सोपवलेलं, ते झालं नाही. पुसायचं काम माझं स्वतःचं, ते मात्र कुठल्याही मशीनवर चोख होत होतं. "सर्व पानं तयार" हे वाक्यही माझंच, कुणालाही न विचारता ठोकून दिलेलं. पुसलेलं परत आणणारी दोन-तीन सॉफ्टवेअरं लावून पाहिली, हाती आले काळे तुकडे. माझी मलाच लाज वाटली.

वडिलांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "काम झालं का, हे विचारायचं ऱ्हायलं व्हय गं?" ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना फोन लावला. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून उभी होते. "माझ्याच हातनं पुसलं गेलं बघ," ते म्हणाले, "तुला दिलेला शब्द ऱ्हायला." पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. वडिलांनी फोन ठेवला आणि त्यांच्या नेहमीच्या वहीत काकांच्या प्रतीच्या नोंदीपुढची खुणेची जागा तशीच कोरी सोडली. माझा चहा उतू गेला.

त्यानंतरचा आठवडा मी नुसती घरभर फिरत होते. प्रोग्राम दुरुस्त केला. आता तो प्रत्येक फोटोनंतर थांबून उत्तर ऐकतो, नवी फाईल उघडून बघतो, नंतरच पुढं जातो. पण चालवायचा कशावर? वही पुन्हा मागायला तोंड कुठं होतं? फोन वाजला की वडील माझ्याआधी उठायचे. कधी गॅसवाला असायचा, कधी कुणी यजमान.

आठव्या दिवशी मी कुणाला न सांगता नळदुर्गमार्गे जाणारी एसटी पकडली. जळकोटला काकांच्या दारात चपला काढायच्या आधीच बोलून टाकलं, "काका, बाबांनी नाही पुसले फोटो. मी पुसले. ते माझ्यासाठी खोटं बोलले."

काका शेंगा फोडत बसले होते. वर न बघता म्हणाले, "दादाला फोटू पुसता येत्यात व्हय? त्येनं म्हणल्याबरुबर मला कळलं. मी वाट बघत हुतो, खरं सांगायला कोण येतंय का न्हाय त्येची."

ते उठले, आत गेले आणि लाल फडक्यात बांधलेली वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. "हितंच बसून फोटू काढ. आन् दादाला म्हणावं, प्रत घिऊन त्येनंच यायचं."

मी तिथूनच घरी फोन लावला. "बाबा, मी जळकोटला आहे. काकांनी वही दिली."

वडिलांनी विचारलं, "फडकं सोडून बघितलंस का?"

मी गाठ सोडायला लागले.