कळंबच्या क्लबची तपासणी

स्वारगेटहून बारामतीची गाडी सव्वासहाला सुटेल, असं फलकावर लिहिलेलं होतं. ती पावणेसातला सुटली. मी खिडकीशी बसलो होतो. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत थर्मास, टॉवेल, घरून दिलेल्या दशम्या आणि चौदा प्रश्नांचा एक छापील फॉर्म.

हा फॉर्म आमच्या फुटबॉल संघटनेचा होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर संघटनेने आपल्या लीगची नव्याने रचना करायला घेतली. तीन विभागांचे दोन करायचे, वरच्यात निवडक संघ ठेवायचे, बाकीचे खाली बसवायचे आणि जे कुठेच बसणार नाहीत त्यांचे आभार मानायचे, असा तो ठराव होता. बाहेरगावच्या क्लबांकडे मैदान, खेळाडू आणि थकबाकी भरायची ऐपत आहे का, हे जागेवर जाऊन पाहायचं होतं. इंदापूर तालुक्यातल्या कळंबला जायला कोणी तयार होईना. मार्च महिना होता. मी पेन्शन कचेरीत कारकून, रविवारी फुटबॉलचा पंच आणि संघटनेचा बिनपगारी सहचिटणीस. माझी रजा शिल्लक होती, म्हणून मला पाठवलं.

कळंबचा 'नीराकाठ क्रीडा मंडळ' हा क्लब एके काळी पहिल्या विभागात खेळायचा. मग घसरला, मग दिसेनासा झाला. एवढी माहिती संघटनेच्या दप्तरात होती. मला थोडी जास्त होती, पण ती मी कोणाला सांगितली नव्हती.

यवत, चौफुला करत गाडी सुप्याच्या अलीकडे आली आणि मागचं चाक बसलं. ड्रायव्हर उतरला, चाकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बसलं." मग आम्ही सगळेच उतरलो. आजूबाजूला काढलेल्या ज्वारीची धसकटं, बाभळी आणि पिवळं पडलेलं गवत. लांबवर अभयारण्याच्या माळावर तीन-चार हरणं उभी होती. ती आमच्याकडे पाहत होती. चाक बदलून होईपर्यंत त्यांनी पाहणं सोडलं नाही. अभयारण्यात त्यांना दुसरी करमणूक नसावी.

सुप्याला एका टपरीवर चहा मिळाला आणि चौकशी केल्यावर माडगंही (हुलग्याच्या पिठाची कढीसारखी पातळ पेज). टपरीवाल्या बाईंनी विचारलं, "कुठं निघालाय?"

"कळंबला. फुटबॉलचा क्लब बघायला."

"अजून हाय व्हय तो?"

"तेच बघायचंय."

त्यांनी माझ्या वाटीत आणखी एक पळी माडगं घातलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

बारामतीच्या स्टँडवर क्लबचे चिटणीस नामदेवराव न्यायला आले होते. पन्नाशीचे, कळंबात पिठाची गिरणी चालवणारे. भुवयांवर पीठ होतं, ते बहुधा कायमचंच असावं. त्यांच्या एम-एटी मोपेडवर मागे बसलो. निघण्याआधी ते मला बाजारपेठेतल्या एका गुळाच्या आडतीवर घेऊन गेले आणि तिथल्या मालकांशी ओळख करून दिली.

"ह्यांचं वडील म्हंजे आमचं शेठजी," नामदेवराव म्हणाले. "शाळंत एक कोल्हापूरचं मास्तर आलं, त्येंनी पोरांना फुटबॉल लावला. शेठजी एकदा वसुलीला आलं, मॅच बघितली, आन् पैसं वसूल न करताच गेलं. तवापास्नं बूट, कापडं, पुन्याचा टेम्पो, सगळं त्येंचं."

शेठजी वारले होते. गुळाच्या ढेपांच्या रांगेमागे भिंतीवर संघाचा फोटो अजून होता. हे मालक त्यांचे थोरले चिरंजीव, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला थंड पेय पाजलं आणि सांगितलं, "वडिलांचा नाद होता. ते गेल्यावरही आम्ही बोललो होतो, पहिल्या विभागात आहात तोवर देऊ. ते खाली आले. आता मुलं क्रिकेट बघतात. तुम्हीच सांगा, आम्ही काय करायचं?"

मी फॉर्म काढला. फॉर्ममध्ये 'आश्रयदाते' अशी एक जागा होती. तिथे मी 'कै.' लिहिलं आणि पुढे नाव घातलं.

बारामती सोडल्यावर रस्ता कालव्याच्या बाजूने जातो. सुप्याचा माळ सकाळी पाहिलेला, त्यामुळे हे हिरवं पाहून डोळ्यांना जरा अवघडल्यासारखं झालं. दोन्हीकडे ऊस. उसाच्या गाड्या एवढ्या भरलेल्या, की बैल दिसेपर्यंत ऊसच आपल्या पायांनी चालत येतोय असं वाटावं. एका ट्रॅक्टरने आम्हाला रस्त्याखाली उतरवलं. नामदेवरावांनी गाडी कडेच्या पाण्याच्या चारीत घातली. मी पडलो नाही, पण थर्मास फुटला. नामदेवरावांनी तो कानाशी नेऊन हलवला आणि परत दिला.

"गेला," ते म्हणाले.

पुन्हा रस्त्याला लागल्यावर ते मान मागे वळवून बोलू लागले. क्लब कसा खाली आला, ते सांगत होते.

"शेवटच्या वर्साला एक मॅच ऱ्हायली हुती. बरोबरी झाली तरी पहिल्यात टिकत हुतो. पुन्यात अकराची मॅच. टेम्पो पहाटं निघाला. आमचा कप्तान बापू. त्येनं जेजुरीला टेम्पो थांबवला, भंडारा लावायला. त्येच्या घरचं दैवत हाय, पूर्वी मेंढरं व्हती त्येंची. धा मिनटं थांबला आसंल. फुडं दिवे घाटाच्या उताराला टेम्पोचं ब्रेक तापलं, थांबावं लागलं. मैदानावर पोचली पोरं, तर पंच म्हनला टाइम सपला. पंधरा मिनटाच्या वर दोन मिनटं झालती. तीन-शून्य हार लिवली. वरनं दंड."

मी विचारलं, "मग?"

"मग काय! गाव म्हनलं, बापूनं देवाला टेम्पो थांबवला आन् क्लब बुडवला. त्यो दिस आन् आजचा, बापूनं बूट घातला न्हाय. मी त्या दिवशी न्हवतो, गिरनीचा पट्टा तुटला हुता. न्हायतर त्या पंचाला दाखवलं असतं."

मी त्यांच्या मागे बसून उसाकडे पाहत राहिलो. तो पंच मी होतो.

मैदान म्हणजे गावाचं गायरान (गुरं चरायची सामाईक जमीन). खेळाडूंनीच ते दगड वेचून सपाट केलेलं. गोलाचे खांब निलगिरीचे होते आणि सरळ होते. मैदानावर पन्नास-साठ मेंढ्या चरत होत्या. फॉर्मचा सहावा प्रश्न होता, 'गवत कापण्याची व्यवस्था आहे काय?' मी 'आहे' असं लिहिलं. 'कपडे बदलण्याची खोली?' नामदेवरावांनी शेजारच्या उसाकडे बोट केलं. "तोडनी झाली की अडचन येती," ते प्रामाणिकपणे म्हणाले. मी 'हंगामी' लिहिलं.

चारच्या सुमाराला खेळाडू जमले. कोणी रानातून आलं, कोणी साखर कारखान्याच्या पाळीवरून, दोघे शेळगावहून सायकलवर. सोळा जण निघाले. बूट नऊ जणांच्या पायांत होते. त्यांनी माझ्यासमोर अर्धा तास खेळून दाखवलं. पहिल्या विभागाचा खेळ नव्हता. पण चेंडू एकमेकांना देत होते, आणि हे पुण्यातल्या बऱ्याच संघांबद्दल मला म्हणता येत नाही.

मैदानाच्या कडेला ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून एक चाळिशीकडे झुकलेला, उंच माणूस उभा होता. तो माझ्याकडे आला.

"वळीकलं का साहेब?"

मी ओळखलं होतं. पाच वर्षांपूर्वी हाच माणूस संघाच्या पूर्ण कपड्यांनिशी, बुटाच्या नाड्या बांधलेल्या, कपाळाला भंडारा लावलेला, माझ्याकडे धावत आला होता. त्याच्या मागे दहा जण होते. मी तेव्हा शिट्टी खिशात घालत होतो.

"बापूराव," मी म्हणालो.

"व्हय. म्यां मघाशीच वळीकलं. नामदेव आप्पाला सांगितलं न्हाय. उगं गिरनी सोडून तुमच्या मागं लागंल." तो हसला नाही. "बैठक हाय आता. या."

बैठक गिरणीसमोरच्या ओट्यावर झाली. नामदेवरावांनी हिशेब वाचला. संघटनेचा दंड, थकलेली वर्गणी, पुण्याला जाण्यायेण्याचा खर्च. यादी मोठी नव्हती. मग बापूराव उठले.

"माजं म्हननं, बंद करू," ते म्हणाले. "पुना लांब हाय. दुसऱ्यात घ्यायचं का न्हाय तेबी साहेबाच्या हातात. नाव हाय तवर मिटवू. ज्यानं बुडवला त्यानंच मिटवावा, म्हनून मी बोलतोय."

कोणी त्यांना अडवलं नाही. हे मला सगळ्यात वाईट वाटलं. सोळा तरुण माणसं होती, त्यांतली निम्मी त्या टेम्पोत होती, आणि एकानेही 'असं का म्हनतोस' म्हटलं नाही. पाच वर्षांत त्यांची ती सवय गेली असावी.

मी उभा राहिलो. तपासनीसाने बैठकीत बोलू नये, असा नियम होता.

"त्या दिवशीचा पंच मी होतो," मी म्हणालो.

नामदेवरावांनी वही मिटली.

मी पुढे सांगितलं, "नियम असा आहे, की पंधरा मिनिटांनी पंच सामना सोडून देऊ शकतात. 'शकतात' आहे, 'देतील' नाही. समोरचा कप्तान मला म्हणाला होता की आणखी थांबू, आम्हाला घाई नाही. घाई मला होती. माझ्या मित्राच्या बहिणीचा साखरपुडा होता. साडेबाराची पंगत होती. सामना झाला असता तर माझी पहिली पंगत चुकली असती. म्हणून मी घड्याळ पाहत उभा होतो. तुमचा टेम्पो मैदानाच्या फाटकातून आत येताना मला दिसला होता. तो दिसल्यावर मी शिट्टी वाजवली."

गिरणीच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची पावलं ऐकू येत होती.

"जेजुरीला थांबला नसता तरी घाटात ब्रेक तापलेच असते," मी म्हणालो. "आणि थांबला होता तरीही सामना होऊ शकला असता. क्लब बापूरावांनी बुडवलेला नाही."

शेळगावच्या दोघांपैकी एकाने बापूरावांकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. नामदेवराव उठून माझ्यासमोर आले. मी चष्मा काढून हातात घेतला. पण ते मला ओलांडून बापूरावांपाशी गेले आणि त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. जागा नव्हती, तरी बसले.

बापूराव माझ्याकडे वळले.

"पंगतीला काय हुतं?" त्यांनी विचारलं.

"श्रीखंड-पुरी."

"बरं हुतं का?"

"आंबट होतं."

आधी कोणीतरी मागे हसलं, मग सगळे हसले. बापूराव हसले नाहीत. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. मग जरा जास्तच वेळ पुसलं. नंतर त्यांनी नामदेवरावांना वही उघडायला सांगितली.

क्लब चालू ठेवावा का, यावर हात वर करायला सांगितले, तेव्हा सगळे वर गेले. बापूरावांचा शेवटी गेला. मीही चुकून हात वर केला होता, तो नामदेवरावांनी मोजला नाही.

मुक्काम नामदेवरावांकडे झाला. रात्री बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि कच्चा कांदा. ते माझ्याशी जेवताना बोलले नाहीत. वाढत मात्र राहिले. सकाळी स्टँडवर सोडताना म्हणाले, "पंचाला दाखवनार हुतो म्हनलं ना? तर दाखवलं. गाव दाखवलं." एवढं बोलून त्यांनी एम-एटी वळवली.

परतीच्या गाडीत मी फॉर्म पुरा केला. शिफारशीच्या चौकटीत सगळं मावेना, म्हणून पाठीमागे लिहिलं. मैदान योग्य, खेळाडू पुरेसे, जुना दंड रद्द करावा, कारण तो पंचाच्या पंगतीपायी झाला. पंच प्रस्तुत लेखक. सही केली.

संघटनेच्या बैठकीत तो मोठ्याने वाचण्यात आला. अध्यक्षांनी विचारलं, की 'पंगत' हा शब्द वगळता येईल का. मी म्हटलं, येणार नाही. बरीच चर्चा झाली. शेवटी दंड रद्द झाला, वर्गणीला हप्ते मिळाले, पहिल्या विभागाचा प्रश्न निघाला नाही आणि नीराकाठला दुसऱ्या विभागात घेतलं. पंचांच्या यादीतून माझं नाव काढलं. ठराव एकमताने झाला. मी स्वतःच अनुमोदन दिलं.

नीराकाठचा पहिला सामना मी तिकीट काढून पाहिला. ते आदल्या संध्याकाळीच पुण्यात येऊन एका शाळेच्या व्हरांड्यात झोपले होते. बापूराव खेळले. पाच वर्षांनी बूट घातलेला माणूस जसा खेळेल तसे खेळले. विसाव्या मिनिटाला त्यांना दम लागला, पण ते बाहेर आले नाहीत. कळंब चार-शून्यने हरलं.

मी आजवर शेकडो सामने पाहिले, त्यांतल्या बहुतेकांचे निकाल मला आठवत नाहीत. हा आठवतो. नव्वद मिनिटं खेळून, चार गोल खाऊन ते रीतसर हरले, आणि शिट्टी वाजल्यावर अकराही जण मैदानातच बसले, कोणीही उठायची घाई केली नाही. मीही केली नाही. त्या दिवशी मला कुठेच जेवायला जायचं नव्हतं.