वीतभर ट्रॅक्टरची वाहनपूजा

परवा रविवारी आमच्याकडे नव्या ट्रॅक्टरची पूजा झाली. ट्रॅक्टर वीतभर लांबीचा, प्लास्टिकचा... आणि सगळाच्या सगळा माझ्या सासऱ्यांच्या हातचा. फोटो टाकलाय. आधी नीट झूम करून बघा, मग पुढे वाचा.

आमचे बाबा म्हणजे अकोल्याच्या जुन्या शहरातले गुरुजी. जन्म पौरोहित्यात गेला. दिवाळीनंतर त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं-चालणं सुधारलं, पण उजवा हात थरथरायचा तो थरथरायचाच.

एका सत्यनारायणाला यजमानांच्या हातावर पाणी सोडताना पळी हलली आणि पाणी गेलं त्यांच्या मांडीवर. यजमानांनी हसून मांडी पुसली... पण बाबांनी त्या दिवसापासून पूजा सांगणंच बंद केलं. कोणाचाही फोन आला की एकच उत्तर, दुसरे गुरुजी पाहा.

फिजिओथेरपिस्टने बोटांच्या व्यायामासाठी मूग आणि मटकी मिसळून वेगवेगळी निवडायला सांगितली. बाबांनी ताट सरकवून दिलं. रिकामटेकडी कामं सांगू नका म्हणे.

आता माझ्याबद्दल. मी इंजिनीअर आहे आणि कॉलेजपासून स्केल मॉडेल, म्हणजे खऱ्या वाहनांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती, बनवते. किट आणायची, प्लास्टिकच्या चौकटीतून भाग कापून सुटे करायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. सासरी याला 'पोरखेळ' म्हणतात, आणि मी ते कधीच मनावर घेतलं नाही. म्हटलं, मूग नको ना... मग हे घ्या.

बाबांनी थेट माझ्या कपाटातल्या लढाऊ विमानाकडे बोट दाखवलं. मी साफ नाही म्हटलं. पहिली किट निवडताना डब्यावरच्या चित्राला भुलायचं नसतं, आतले भाग केवढे आहेत ते बघायचं असतं. विमानाचे काही भाग जिऱ्याएवढे. कारला काचा असतात आणि काचेवर गोंदाचा डाग पडला की गेलं सगळं मुसळ केरात.

बरंच शोधून मी ट्रॅक्टर मागवला. मोठी चाकं, धरायला सोपा आणि बाबांच्या ओळखीचा. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या कितीतरी ट्रॅक्टरांच्या पूजा त्यांनीच सांगितलेल्या!

हत्यारांचं म्हणाल तर ऑनलाइन मिळणाऱ्या त्या भरगच्च सेटच्या नादी लागू नका. एक चांगला कटर घ्या. बाबांना मी स्प्रिंगवाला दिला, दाबून सोडला की आपोआप उघडतो. चिमटा रुंद पकडीचा घेतला. ब्रशच्या दांड्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून त्या जाड केल्या, म्हणजे मुठीत बसतात. ब्लेड मात्र दिलं नाही. त्यावरून बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नका बोलू म्हटलं.

सुरुवातीला भाग हातातून उडायचे आणि आम्ही दोघं पलंगाखाली बॅटरी घेऊन शोधायचो. एक चाक तर त्यांनी उलटंच चिकटवलं. मग मे महिना लागला. कूलरच्या ओलसर हवेत वार्निश पांढरट पडतं, म्हणून कूलर बंद! अकोल्याच्या उन्हाळ्यात कूलर बंद करून बसणारा माणूस एक तर येडा असतो, नाही तर मॉडेलवाला... बाबा घामाघूम व्हायचे, पण उठायचे नाहीत.

परवा ट्रॅक्टर पूर्ण झाला. वार्निश अजून कच्चं आहे, हात लावू नका, असं बजावून मी आंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर बाबा सोवळं नेसून पाटावर, पुढे पूजेचं ताट, हातात माझा सगळ्यात बारीक ब्रश... आणि ते बॉनेटवर कुंकू लावताहेत!

माझं डोकंच सणकलं. "बाबा, काय करून राहिले तुम्ही?"

"पूजा करून राहिलो," बाबा मान वर न करता म्हणाले. "नवीन वाहन बिना पूजेचं ठेवत असते काय कोणी?"

मी तणतणत जवळ गेले आणि वाकून बघितलं. बॉनेटवर तांदळाच्या दाण्याएवढं स्वस्तिक होतं. रेघा सरळ. चारही टिंबं जागच्या जागी.

चाकाखाली लिंबू ठेवायची पद्धत, पण इथे लिंबू पुढच्या चाकापेक्षा मोठं. बाबांनी ते कापलं, चिमट्याने त्यातली एक बी उचलली आणि पुढच्या चाकाखाली अलगद सरकवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "यजमान तू आहेस. बस. हात पुढे कर."

ओल्या केसांनी मी तशीच बसले. त्यांनी पळी भरली, मंत्र म्हणत माझ्या तळहातावर आणली. मी पळीकडे बघतच नव्हते, त्यांच्या मनगटाकडे बघत होते. सगळं पाणी माझ्या हातात पडलं... सगळं. मला रडू आवरेना. बाबा म्हणाले, पूजेत रडत नसतात.

संध्याकाळी तेल्हाऱ्याहून वास्तुशांतीसाठी फोन आला. बाबा म्हणाले, "येतो. सूनबाई येईन संग, सामान उचलाले."

मला विचारलं? छे! येत्या गुरुवारी ही इंजिनीअर बाई ऑफिसला सुट्टी टाकून तेल्हाऱ्याच्या एसटीत गुरुजींची पिशवी मांडीवर घेऊन बसणार आहे... आणि खरं सांगते, कोणत्याही प्रमोशनने मला एवढा रुबाब दिला नव्हता.