इंचाला सहा टाके

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंइतकं निरुपयोगी विणकाम करणारी बाई उभ्या छत्तीसगडात सापडायची नाही. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, यांची रेल्वेत नागपूरहून बदली झाली आणि आम्ही चौबे कॉलनीत आलो. तेव्हापासून काकूंच्या हातात मी सुया पाहत आले. पण अंगात घालण्याजोगं काही त्या सुयांवरून कधी उतरलं नाही. उतरायचे ते चार बोटांचे चौकोनी तुकडे. इंचाला किती टाके बसतात ते आधी बघायचं, मगच स्वेटरला हात लावायचा, हा त्यांचा धर्म. तुकडा विणायचा, धुवायचा, चिमटे लावून वाळवायचा, पट्टीने मोजायचा. साडेसहा टाके आले की सुया बदलून पुन्हा सुरुवात. काकांशी वाजलं असेल तर हात आवळतो, म्हणून तो तुकडा बाद. आणि काकांशी रोजच वाजायचं. मे महिन्यात लोक कूलरसमोरून हलत नव्हते, तेव्हा ही बाई लोकर मोजत बसलेली!

एकदा मी असल्या भानगडीत न पडता यांचा स्वेटर सरळ विणून टाकला. तो यांच्या गुडघ्यापर्यंत आला. काकूंनी मला जिन्यातच गाठलं. "काहून व पोट्टी, नमुना नाही काढला? ह्यात तं दोघं मावतीन!" माझा निदान स्वेटर तरी झाला, असं मी मनात म्हटलं. पुढच्या थंडीत तोंडावरच म्हटलं, "काकू, तुकडे पुरे झाले. तुमच्या बंगळुरूच्या नातीच्या स्वेटरचे टाके घाला आता."

मला वाटलं, चिडतील. त्या पट्टी खाली ठेवून म्हणाल्या, "हव, इंचाले सहा टाके, हे तं कवाचंच पक्कं आहे. पण पोट्टी किती इंचाची झाली, हे मले कोण सांगते? फोन केला का पोरगा म्हणते, मम्मी, यहाँ सब मिलता है।" मुलगा-सून बंगळुरूला. लग्नात वाजलं ते वाजलंच. नात तीन वर्षांची झाली तरी काकूंनी तिला पाहिलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

माझी लेकही तीनच वर्षांची. तिला मी त्यांच्यापुढे उभं केलं. त्यांनी छाती मोजली, बाही मोजली आणि पंधरा दिवसांत स्वेटर हातावेगळा केला. लेकीला तो असा बसला की काढायलाच तयार होईना. काकूंनी गोड बोलून काढून घेतला, घडी घातली आणि बंगळुरूला पाठवला. लेक दिवसभर रडली.

नातीला तो झाला की नाही, तिकडून कोणी कळवलं नाही. काकूंनी फोनवर विचारलं नाही, आणि मलाही काकूंना विचारवलं नाही.