नॉनस्टॉपचा पहिला थांबा

डेपोत त्याला सगळे नॉनस्टॉप म्हणत. सहा तासांचा घाटरस्ता, आणि बावीस वर्षांत त्याने स्वतःसाठी गाडी एकदाही थांबवली नव्हती. युक्ती साधी होती. दुसऱ्या दिवशी ड्युटी असली की आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद! या फुशारकीचा भुर्दंड शरीराच्या ज्या भागाला पडला, त्याचं नाव तो चारचौघांत घेत नसे.

रक्त पडायला लागून वर्ष झालं, तेव्हा बायकोनेच त्याला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मूळव्याध अगदी शेवटच्या टप्प्यावर होती.

"ऑपरेशन स्टेपलरने केलं तर दुखणं कमी," बाई म्हणाल्या. "आठ-दहा दिवसांत कामाला लागाल. पण कोंब परत यायची भीती जास्त. कापून काढले तर महिनाभर हाल होतील, पण परत यायची शक्यता कमी."

"आणि लेझर?" बायकोने विचारलं.

"ते सुरुवातीला आला असतात तर. यांनी गाडी फार पुढे नेली हो."

बायकोचा कौल स्टेपलरला होता. कारण डेपोच्या साहेबांनी बजावलं होतं, पाच आठवड्यांत स्टिअरिंगवर बसला नाहीस तर कायमचा फाटकावर, नोंदी लिहायला. फाटकाचं नुसतं नाव निघालं तरी तो विषय बदले.

"माझं कामच बसायचं आहे," तो म्हणाला. "दर दोन वर्षांनी गॅरेजला लागणार नाही मी. कापा."

पुढचे पंधरा दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. संडासाला जाताना डोळ्यांपुढे काजवे चमकत. दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या टबात बसायचं. "बाबा, आंघोळीला तरी एवढे कधी बसला होतात का?" मुलगी चिडवायची. पण गडी हटला नाही. चौथ्या आठवड्यात लाकडी खुर्चीवर तासभर बसला, बायकोला घड्याळ धरायला लावून.

साहेबांना बरोबर घेऊन चाचणीची फेरी ठरली, आणि आदल्या संध्याकाळी बावीस वर्षांची सवय न विचारता कामाला लागली. सकाळी संडासाला बसताच जखम पुन्हा चिरली आणि फेरी हुकली.

"पाणी किती प्यालात?" बाईंनी विचारलं.

बायको म्हणाली, "तांब्या भरून ठेवला होता उशाशी. सकाळी तसाच्या तसा."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोंब कापून टाकले, पण खरं दुखणं तो अजून मिरवतच होता. साहेबांच्या हातापाया पडून त्याने आणखी दोन आठवडे मागून घेतले. साहेब म्हणाले, "ही शेवटची संधी."

त्या फेरीला तो पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन चढला. साहेब मागच्याच सीटवर. घाट संपायच्या आधीच एक बाटली रिकामी झाली. माथ्यावर, चहाच्या टपरीपाशी, त्याने गाडी बाजूला घेतली.

"पंक्चर?" कंडक्टर दचकला.

"नाही. मला जायचंय." तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला. "दहा मिनिटं."

साहेबांनी घड्याळात पाहिलं. फाटक तर फाटक, असं मनाशी म्हणत तो सावकाश खाली उतरला. त्याच्यामागून निम्मी गाडी घाईघाईने उतरली, आणि मुतारीच्या रांगेत सगळ्यांत पुढे साहेब होते.