बदकांसाठी नेसलेलं हिरवं

आज ट्रंक उघडली आणि डांबरगोळीच्या वासासकट मालूचं हिरवं सुती पातळ हाती आलं. झालं, मी थेट कळंब्याच्या तळ्यावर जाऊन पोचले बघा!

नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. यजमान गेल्यापासून मी पांढरंच नेसायची आणि दाराबाहेर पडायची नाही. शेजारच्या मालूनं मला ओढतच पक्षी बघणाऱ्या बायकांच्या वर्गात नेलं. शाळेच्या खोलीत, पोरांच्या बुटक्या बाकांवर आम्ही सगळ्या गुडघे दुमडून बसायचो. पहिल्याच रविवारी तळ्यावर मी जरा पुढे झाले आणि बदकं भुर्रकन उडाली. मी ओशाळले. वर्गात परतल्यावर शिकवणाऱ्या तरुण बाई म्हणाल्या, "काकू, पांढऱ्याला पाखरं बुजतात. पुढच्या वेळी हिरवं नेसून या."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. विधवेनं हिरवं नेसायचं? मला रडूच फुटलं.

पुढच्या रविवारी मालू आपलं पातळ घेऊन पहाटेच दारात. "नेस गं. बदकांसाठी नेस, गल्लीसाठी न्हवं!"

नेसले. तळ्याकाठी धुकं होतं, ओल्या गवताचा वास होता. बदकं अगदी जवळून पोहत गेली. मालूनं कोपरानं ढोसलं, "बघ, उडालं का कोण?" कितीतरी महिन्यांनी मी खळखळून हसले, आणि ती सगळी उडाली की!

बाईंचं म्हणणं मी तेव्हा खरंच मानलं होतं. आता पातळ उलगडताना आठवतंय, त्या पहिल्या रविवारी तळ्यावर बाईंची ओढणीही पांढरीशुभ्रच होती.