सासूबाईंच्या रागाचं हाफ-लाइफ

वॉर्डात बारा वर्षं बेडपॅन उचलून झाल्यावर काकूंना नर्स व्हायची हुक्की आली. वय वर्षं त्रेचाळीस! हॉस्पिटलनं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी नर्सिंगच्या दोन जागा ठेवल्या होत्या, त्यातली एक त्यांनी पटकावली आणि एकोणीस-वीस वर्षांच्या पोरींच्या वर्गात जाऊन बसल्या. पहिल्या दिवशी पोरी त्यांना बघून उभ्या राहिल्या आणि 'गुड मॉर्निंग, मॅडम' म्हणाल्या. कोण आलं म्हणून काकूंनी मागे वळून पाहिलं. तेव्हापासून पोरी त्यांना काकू म्हणू लागल्या.

बाकीचे विषय निघाले, पण घोडं अडलं ते औषधशास्त्रात. तोंडी परीक्षेत दोनदा आपटल्या. तिसरी खेप शेवटची. यात उडाल्या की पुन्हा बेडपॅन, तेही निवृत्तीपर्यंत. आता घोकंपट्टी काय कमी केली होती? सुट्टी घेऊन घरी बसल्या होत्या, भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तोंड चालूच. पण पुस्तकातली व्याख्या परीक्षक समोर दिसले की पसार व्हायची.

अशात एका सकाळी सात वाजता सासूबाई कडाडल्या. उशीचा अभ्रा उलटा घातला होता. सासूबाईंना रागवायला कारण लागतंच असं नाही, पण त्या दिवशी होतं. काकू गुमान अभ्रा सुलटा करता करता थबकल्या. म्हातारीचा राग अकरापर्यंत निम्मा उतरतो, तीनपर्यंत त्याच्याही निम्मा. अगं बाई! शरीरातलं औषध निम्मं व्हायला जेवढा वेळ लागतो, तेच तर हाफ-लाइफ. म्हणजे सासूबाईंच्या रागाचं हाफ-लाइफ चार तास!

मग राग संपत का नाही? कारण अकराला दुसरं निमित्त सापडतं, तीनला तिसरं. जितका उतरतो तितकाच नवा चढतो, पातळी कायम. पुस्तकात याला स्टेडी स्टेट म्हणतात, आणि काकू त्यात एकोणीस वर्षं नांदत होत्या. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात जे ऐकलं तो लोडिंग डोस. पातळी एकदम वर न्यायला सुरुवातीलाच दिलेला दणका. आणि नवरा? नवरा म्हणजे यकृत. गिळलेल्या गोळीतलं बरंचसं औषध रक्तात पोचायच्या आधी यकृतातच जिरतं, तसं आईचं बोलणं त्याच्यामार्फत आलं की निम्म्याहून अधिक वाटेतच जिरलेलं असायचं. बिचारा त्याच कामाचा होता.

पंधरा दिवसांत अख्खं पुस्तक घरातल्या घरात पाठ झालं. काकू स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणायच्या, सासूबाई बाहेरच्या खोलीतून ऐकायच्या. किती ऐकू गेलं ते देव जाणे.

परीक्षेच्या सकाळी घाईत दूध उतू गेलं. काकूंनी मान खाली घातली, डोळे मिटले आणि वाट पाहिली. काहीच नाही! सासूबाईंनी फडकं घेऊन ओटा पुसला आणि म्हणाल्या, "असू दे. तू नीघ." बसमध्ये काकूंचे हात थरथरायला लागले.

परीक्षक बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि चेहरा कडक इस्त्रीचा. त्यांनी विचारलं, "रुग्ण वर्षानुवर्षं एक औषध घेतोय. ते अचानक बंद केलं तर काय होऊ शकतं?"

व्याख्या पसार! काकू म्हणाल्या, "धडधडतं, मॅडम. घाम सुटतो. हात कापतात. जिवाला चैन पडत नाही."

"हे पुस्तकातलं?"

"नाही मॅडम, सकाळपासून होतंय."

मग काय, अभ्रा, अकराचा डोस, यकृत, सगळं बाहेर आलं. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, पण त्याही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. "मग बंद करायचं कसं?"

"हळूहळू उतरवत, मॅडम. आधी आरडाओरडा सोडून नुसतं कुरकुरायचं. मग नुसते डोळे वटारायचे. मग गप्प."

काकू पास झाल्या. घरी पोचल्या तर सासूबाई दारातच.

"झालीस?"

"झाले."

सासूबाई आत गेल्या आणि पोटच्या मुलालाही कधी हात लावू दिला नव्हता तो गोळ्यांचा डबा आणून काकूंच्या पुढ्यात ठेवला.

"यातलं काय कशावर आहे ते सांग. चार वर्षं मी नुसते रंग बघून गिळतेय. विचारणार कुणाला? लाज वाटते बाई."

काकूंनी एकेक पाकीट उजेडात धरलं, बारीक अक्षरं वाचली आणि दोन पाकिटं बाजूला काढली. एकावरची कंपनी वेगळी, दुसऱ्यावरची वेगळी. एकातली गोळी पांढरी, दुसऱ्यातली गुलाबी. आतलं औषध मात्र एकच.

"आई, ही दोन्ही रक्तदाबाचीच. एकच औषध, नावं दोन. तुम्ही रोज दुप्पट घेताय. यानं चक्कर येऊ शकते. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला."

सासूबाई चपला शोधायला उठल्या.

"आणि मी मेली, चक्कर येते ती तुझ्या हातच्या जेवणानं म्हणून गावभर सांगत फिरले गं!"